गेरूचं एक बोट

आत्या, काल दुकान उघडलं. तुमची तेरवी होऊन दोनच दिवस झाले होते. तुमचा लेक म्हणत होता, आणखी दोन दिवस थांब, पण मला घरात बसवेना. शटर वर केलं तर समोरच्या खिळ्याला तुमचं बॅटरी तपासायचं मशीन लटकलेलं, तुमच्याच जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेलं. लाल क्लिप वर, काळी खाली, तुम्ही ठेवत होतात तशीच. तुम्ही दवाखान्यात गेलात त्या दिवसापासून कुणी त्याला हात लावला नव्हता. मी फडकं सोडून नाकाला लावलं. तंबाखू, गेरू आणि बॅटरीचं तेजाब, तिन्हींचा एकत्र वास आला. मग मात्र मी खाली बसले आणि पोटभर रडले. समोरच्या टायरवाल्यानं पाहिलं आणि माणुसकीनं पाठ फिरवली.

आमच्याकडे सासूला आत्या म्हणायची रीत आहे म्हणून मी तुम्हाला आत्या म्हणत आले. खरं सांगायचं तर लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी तुम्हाला भीत होते, नंतरची काही वर्षं तुमच्याशी भांडत होते, आणि शेवटची चार वर्षं तुमच्या शेजारी स्टुलावर बसून बॅटऱ्या तपासत होते. या चार वर्षांतलं एक सांगायचं राहिलं आहे. तुम्हाला नाही, तुम्हाला ते माहीत आहे. लोकांना सांगायचं राहिलं होतं.

त्याआधी एक तक्रार. घरी भेटायला आलेल्यांपैकी एकानं, नाव घेत नाही, चहा पिता पिता विनोद केला. "म्हातारीनं अख्ख्या औंढ्याच्या बॅटऱ्या तपासल्या, पण सोताची उतरलेली कळली न्हाई." चारजण हसले. मी आत होते, मी पातेलं असं आपटलं की त्याला पोचा पडला. आत्या, तुम्ही बॅटरी नव्हतात. तुम्ही तपासणाऱ्या होतात. लोकांना हा फरक कळत नाही याचा मला अजून राग येतो.

तुम्ही मूळच्या शेळ्या-मेंढ्यांच्या घरातल्या. साखऱ्याला असताना कोरडवाहू रान आणि चाळीस मेंढरं एवढा तुमचा पसारा. गुडघे गेले, कळपामागं चालणं होईना, तेव्हा मेंढरं विकून तुम्ही औंढ्याला आमच्याकडे राहायला आलात. आल्यावर आठ दिवस घरात बसलात. नवव्या दिवशी मला म्हणालात, "ह्या भिताडाकडं बघून बघून मला याड लागल. तुझ्यासंगं दुकानात येते." मला ते मुळीच आवडलं नव्हतं. दुकान हीच माझी सासूपासून सुटका होती.

आपलं दुकान ते केवढं! तुमचा लेक दिगंबर वायरिंगची कामं करायचा, गावोगावी ट्रॅक्टर दुरुस्त करायला जायचा, आणि बॅटऱ्यांचं काम माझ्याकडे. पाणी घालणं, चार्जिंगला लावणं, टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुऊन काढणं. नागनाथाच्या दर्शनाला बाहेरगावच्या गाड्या येतात. लोक दारं उघडी ठेवून गाणी लावतात, दर्शनाच्या रांगेत तीन तास उभे राहतात, परत येऊन चावी फिरवतात तर गाडी सेल्फ घेत नाही. मग दुकान शोधत आपल्याकडे येतात. तुम्ही पहिल्या दिवशी आलात आणि एका बॅटरीवर सरळ तळहात ठेवलात. "ही आतून तापलीया. पाणी पाज तिला." मी झाकणं उघडून पाहिलं, तर एका कप्प्यात खरंच पाणी तळाला गेलेलं. त्या दिवसापासून तुमच्यासाठी वेगळं स्टूल आलं.

मग दिगंबरनं नांदेडहून ते मशीन आणलं. हातात मावणारं, मोबाइलपेक्षा जरा जाड, दोन वायरी आणि दोन क्लिपा. लाल क्लिप प्लसला, काळी मायनसला, बटण दाबलं की बॅटरीची तब्येत किती टक्के उरली ते सांगतं. खाली तीन दिवे. हिरवा म्हणजे चांगली, पिवळा म्हणजे चार्ज करा नि नजर ठेवा, लाल म्हणजे बदला. सगळं इंग्रजीत. घरात बारावी झालेली मी एकटी, त्यामुळे मशीनची मालकीण मीच. आपण कामाची वाटणी केली. बॅटरीवरचा आकडा वाचून मशीनमध्ये भरायचं काम माझं. क्लिपा लावणं, बटण दाबणं आणि दिवा बघणं तुमचं.

आणि खूण करणं तुमचं. ती कल्पना तुमचीच. मेंढराच्या पाठीवर गेरूची खूण करायचा हात तुमचा, तो कुठे स्वस्थ बसतोय. तुम्ही डबीत गेरू तेलात कालवलात आणि तपासलेल्या प्रत्येक बॅटरीच्या काळ्या अंगावर बोटानं रेघ ओढायला लागलात. एक बोट म्हणजे धड आहे. दोन बोटं म्हणजे नजर ठेवायची. एका मेंढ्यानं टक्कर मारल्यापासून तुमच्या उजव्या हाताचं ते बोट वाकडं होतं, त्यामुळे तुमची रेघ वर जाऊन डावीकडं वळायची. कुणीही बोनेट उघडावं आणि ओळखावं, ही औंढ्याची म्हातारी. मला ते गावंढळ वाटायचं. एवढं चांगलं मशीन आणि त्यावर गेरू!

आता ते सांगते.

मशीन सुरू करताना ते विचारतं, बॅटरीचा आकडा किती? बॅटरीवर मोठ्या अक्षरांत पस्तीस लिहिलेलं असायचं. मी पस्तीस भरायला गेले तर मशीन शंभराच्या खाली जाईना. मी दोन-तीनदा बटण दाबून पाहिलं. मग म्हटलं, शंभर तर शंभर, मशीनला एवढंच खाली जाता येत असेल. आणि येईल ती बॅटरी मी शंभरावर तपासायला लागले. पुढे कळलं की बॅटरीला दोन आकडे असतात. एक म्हणजे हौद केवढा मोठा, आणि दुसरा म्हणजे गाडी सुरू करताना एका दमात किती जोर लावते. मशीन विचारत होतं जोराचा आकडा, तो कितीतरी मोठा. मी भरायला गेले हौदाचा, आणि तो बसेना म्हणून भरला शंभर. म्हणजे पैलवान शोधायचा आणि विचारायचं, तुला एक तांब्या उचलता येतो का? मरायला टेकलेली बॅटरीसुद्धा तांब्या उचलते. मशीन बिचारं हिरवा दिवा लावत राहिलं, शंभर टक्के, शंभर टक्के.

नऊ दिवस असं चाललं. श्रावण होता, गाड्यांची रीघ होती, मी खुशीत होते. खटकलं ते तुम्हाला. लिहिता-वाचता न येणाऱ्या तुम्हाला.

"शिले, ह्या मशीनला काय झालंय?"

"काहून? काय झालं?"

"सगळ्याच चांगल्या म्हणून राहिलं."

"चांगल्या असतील मग."

"नऊ दिस झाले. एकबी आजारी न्हाई? माझ्या कळपात चाळीस मेंढरं होती. एक दिस असा गेला न्हाई की चाळीसच्या चाळीस धड हायेत."

मी तेव्हा जे बोलले ते इथं लिहिताना लाज वाटते. पण लिहिते. "आत्या, हे मशीन हाय, मेंढरू न्हाई. तुमाला वाचता येत न्हाई तर उगं मधी बोलू नका." चहावाला ग्लास घेऊन उभा होता, त्यानं ऐकलं. तुम्ही हातातली क्लिप खाली ठेवलीत आणि टर्मिनल धुवायला बसलात.

दुसऱ्या दिवशी बाबूभाई आले. औंढा ते हिंगोली काळी-पिवळी जीप चालवणारे बाबूभाई, रोज आपल्या दुकानावरून जाणारे. बाजाराचा दिवस होता. अकरा सवाऱ्या आणि दोन बकऱ्या भरलेली त्यांची जीप चढाच्या तोंडाशी बंद पडली होती. बाजाराला निघालेल्या बायकांनी खाली उतरून, पदर खोचून धक्का मारला होता. बाबूभाई जीप तशीच दुकानापुढं लावून ओरडायला लागले. "परसों चेक किया ना तुमने? अच्छी है बोले ना? ये अच्छी है?" त्यांनी बोनेट धाडकन उघडलं. लोक जमले. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी उठून उभी राहिले.

तुम्ही गुडघ्यावर हात ठेवून उठलात आणि जीपपाशी गेलात.

"ओरडू नगंस बाबू. मशीन मी लावलं होतं. माझ्या हातून चुकलं."

"अम्मा, आप क्यूँ..."

"हे बघ. बोट माझंच हाय का न्हाई?"

बॅटरीवर तुमची वाकडी रेघ होती. त्यापुढं कोण काय बोलणार? बाबूभाईंचा राग विरघळला, म्हाताऱ्या बाईवर माणूस किती ओरडणार. कुणीतरी म्हणालं, "म्हातारीच्या हातात मशीन दिलं की दुसरं काय व्हणार." सगळे हसले, तुम्हीही हसलात. आणि मी गप्प बसले. मी खोटं बोलले नाही आत्या, मी फक्त गप्प बसले. गेली चार वर्षं मी स्वतःला हेच समजावत आले, आणि ते मला एकदाही पटलं नाही.

दुपारी मी मशीनचं पुस्तक घेऊन बसले. बाबूभाईंच्या बॅटरीच्या बाजूवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसली, तर खाली बारीक अक्षरात दुसरा आकडा निघाला. तो भरला. तुम्ही क्लिपा लावल्यात, बटण दाबलंत. लाल दिवा लागला. तुमच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मी विसरणार नाही. "हां. आता बोललं," तुम्ही म्हणालात. हरवलेलं मेंढरू सापडल्यावर माणूस असाच सुस्कारा टाकत असेल.

"उद्या सकाळी सगळ्यांकडं जायचं," तुम्ही लगेच सांगितलंत.

"बिघडलं तर येतील की ते आपणहून."

"येतील. धक्का मारत येतील."

दोन दिवस आपण फिरलो. मी स्कूटी चालवायची, मागं तुम्ही, मांडीवर मशीन आणि हातात गेरूची डबी. जीप स्टँड, बाजार, मंदिराजवळचं पार्किंग, लोकांची घरं. बोनेट उघडलं की तुमचं वाकडं बोट दिसायचं, ही आपण तपासलेली. ज्या गेरूला मी गावंढळ म्हणत होते त्याच्यावाचून कोणती बॅटरी तपासली हेही कळलं नसतं. प्रत्येक ठिकाणी तुम्ही तेच वाक्य म्हणालात, "माझ्या हातून चुकलं, पुन्हा तपासून देते." आधीची रेघ पदरानं पुसायची आणि पुन्हा क्लिपा लावायच्या. मी खाली मान घालून आकडे भरायचे. एक निवृत्त गुरुजी तर तुमच्यावर चांगलेच उखडले. "अडाणी माणसाच्या हातात यंत्र द्यायचंच कशाला? आणि तू, पोरी, तू शिकलेली आहेस. तू लक्ष घालत जा जरा." तुम्ही म्हणालात, "व्हय गुरुजी, आता तीच बघती." परत येताना स्कूटीवर माझे डोळे भरून आले. मागून तुमचा आवाज आला, "पुढं बघ, खड्डा हाय."

बाहेरगावच्या काही गाड्या निघून गेल्या होत्या. कुणाचा फोन नंबर नाही, कुणाचं गाव माहीत नाही. त्यांचं काय, हा प्रश्न मी विचारलाच नाही, कारण मला उत्तर नको होतं. तुम्ही मात्र तिसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून देवळात गेलात. आल्यावर म्हणालात, "नागनाथाला सांगून आले. त्याच्याच दर्शनाला आलेली मान्सं हायेत, त्याच्याच जबाबदारीवर गेलीत. बघल तो." एवढं बोलून तुम्ही कामाला लागलात.

त्याच दिवशी मी विचारलं, काहून केलं असं? चूक माझी होती, आणि त्यात मी तुम्हाला नको ते बोलले होते. तुम्ही तंबाखू मळत होतात. मळणं थांबवलं नाहीत.

"माझ्या चुकीला लोक हसतील नि विसरतील. तुझ्या चुकीला हसणार न्हाईत. बाईच्या हातचं काम नगं म्हणतील, अन् पुढच्या दुकानात जातील. मी कवाची म्हातारी. मला हसले तर माझं काय जातं?"

"मी सांगणार हाय लोकांना."

"सांग की. काय घाई हाय? आधी तुझं नाव व्हऊ दे."

"मंग कवा सांगू?"

"मी सांगल तवा."

या एका गोष्टीवरून आपण चार वर्षं वाद घातला. दर दोन-तीन महिन्यांनी मी विषय काढायचे आणि तुम्ही म्हणायचात, थांब. मला राग यायचा. चूक माझी होती, ती तुम्ही माझ्याकडून घेतलीत आणि परतच देईनात. माझी वस्तू मला मागूनही मिळत नव्हती, असं कुठं असतं का?

बाकी या चार वर्षांत तुम्ही जो थाट केलात, तो सांगताना माझी मान ताठ होते. बॅटरी आली की तुम्ही आधी तिच्या टर्मिनलकडे बघायचात, मेंढराची खालची पापणी ओढून डोळा बघावा तशा. नुकतीच चालून आलेली गाडी असेल तर लगेच क्लिपा लावायच्या नाहीत, आधी गाडीचे दिवे लावून थोडा वेळ थांबायचं, नाहीतर मशीन फसून जास्त आकडा दाखवतं. हे पुस्तकातून मी वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही हसलात. "धावत आलेल्या मेंढराचीबी छाती लगेच बघत न्हाईत. हे कुणी लिवलं? शाना दिसतो." एखादा घाईचा माणूस म्हणाला की लवकर करा आजी, तर तुम्ही त्याच्याकडे असं बघायचात की तो स्वतः जाऊन चहा पिऊन यायचा. पिवळा दिवा लागला तर तुम्ही नवी बॅटरी कधी घेऊ दिली नाहीत. आधी चार्जिंग, मग पुन्हा मशीन, मग निर्णय. बाहेरगावचा माणूस अडलेला असतो, तो काहीही घेऊन जाईल हे मला कळत होतं आणि तुम्हाला माझ्या आधी कळत होतं. म्हणून तर मी नवी बॅटरी काढायला लागले की तुम्ही मध्येच येऊन उभ्या राहायचात.

आणि ते पदराखालचं! बाजारात जनावराचा सौदा रुमालाखाली बोटांनी होतो, तसा तुम्ही बॅटरीचा निकाल पदराखाली द्यायला लागलात. मालकाला बाजूला न्यायचं, पदराखाली हात धरून एक, दोन किंवा तीन बोटं दाबायची, तीन म्हणजे बदला, आणि मग कानात समजावून सांगायचं. पुण्याकडचा एक माणूस तर गडबडला. देवळाजवळची म्हातारी, पदराखाली हात, त्याला वाटलं तुम्ही भविष्य सांगता. त्यानं दुसराही तळहात पुढं केला आणि म्हणाला, "आजी, नोकरीचं काय होईल तेही सांगा." तुम्ही म्हणालात, "तुझा न्हाई रे बाबा, मी गाडीचा हात बघितला. रातभर चार्जिंगला लाव तिला. नोकरीचं तुझं तू बघ." तो माणूस पुढच्या श्रावणात परत आला, गाडीत काही बिघाड नसताना, नुसता तुम्हाला भेटायला. नोकरी लागल्याचे पेढे घेऊन आला होता.

यावरूनही आपलं पटलं नाही. माझं म्हणणं, स्क्रीन सगळ्यांना दाखवावी. जे आहे ते उघड, म्हणजे कुणाला शंका नको. तुमचं म्हणणं, "त्याची बायका-लेकरं गाडीत बसल्यात. त्यांच्यापुढं तुझी गाडी मरायला टेकली म्हणू का? त्याला सांग. तो बराबर सांगल घरच्यांना." मी म्हणायचे, खरं ते खरं, लपवायचं कशाला. तुम्ही म्हणायचात, लपवून न्हाई राहिले, झाकून सांगून राहिले. मला अजूनही माझंच बरोबर वाटतं आत्या. बहुतेक वेळा.

तेरवीला तुमची लुगडी वाटायला काढली. तुमची आठवण म्हणून बायकांना एकेक न्यायचं होतं. मी एकेक उलगडून बघत गेले, तर एकही धड नाही. प्रत्येकाच्या पदराला आणि ओच्याला तेजाबाची बारीक बारीक भोकं. बॅटरीच्या कामात असंच होतं, थेंब उडालेला कळत नाही, धुतल्यावर भोक दिसतं. एक जाऊ म्हणाली, "बाई, फाटकी लुगडी कशी द्यायची लोकांना?" मी म्हणाले, "फाटकी न्हाईत, कामाची हायेत. ज्याला पायजे त्यानं न्यावी." सगळी गेली. एक मी ठेवलं. त्याच्यावर तेवीस भोकं आहेत, मी मोजली.

दवाखान्यात तुम्ही तीन दिवस होतात. दुसऱ्या दिवशी तुम्ही जाग्या होतात तेव्हा मी कानाशी वाकून पुन्हा विचारलं, "आत्या, आता सांगू का?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग म्हणालात, "बाबूच्या गाडीची तपासणी राहिलीया. तीन महिने झाले." मला वाटलं, तुमचं ध्यान भलतीकडं गेलं. मी म्हणाले, व्हय, करते. त्यानंतर आपलं काही बोलणं झालं नाही. ते माझ्या प्रश्नाचं उत्तर होतं की नुसती कामाची आठवण, हे आता मला कुणीच सांगू शकणार नाही.

तर काल. माझं रडून झाल्यावर मी तोंड धुतलं, दुकान झाडलं, आणि अकराच्या सुमाराला बाबूभाई आले. जीप बाहेर लावून तुमच्या स्टुलाकडं बघत उभे राहिले, त्याच्यावर बसले नाहीत. टायरवाला आला, चहावाला आला, आणखी दोन-तीन ड्रायव्हर आले. तुमच्या गोष्टी निघाल्या. बाबूभाईंनी त्यांची ठरलेली गोष्ट काढली, जी ते तुमच्यासमोर दर महिन्याला सांगायचे. अकरा सवाऱ्या, दोन बकऱ्या, धक्का मारणाऱ्या बायका. "अम्मा ने मेरी गाडी बंद कराई थी," असं म्हणून ते हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. सगळेच हसले, प्रेमानं. तुमच्यावर प्रेम करायची त्यांची तीच पद्धत होती.

आणि मी म्हणाले, "बाबूभाई, ते आत्यांनी केलं न्हाई. ते मी केलं होतं."

सगळं सांगितलं. पस्तीसचं, शंभराचं, नऊ दिवसांचं. तुमाला वाचता येत न्हाई म्हणून मी काय बोलले होते, तेही. चहावाला खाली बघत होता. त्याला ते आठवत होतं, आणि चार वर्षांत त्यानंही कुणाला सांगितलं नव्हतं.

बाबूभाई चहाचा ग्लास हातात धरून माझ्याकडे बघत होते. मला वाटलं आता ते ओरडतील, चार वर्षांमागचं उरलेलं सगळं. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. पण ते हळू आवाजात म्हणाले, "चार साल मैं अम्मा को छेडता रहा. और वो हर बार हसती रही." त्यांनी ग्लास खाली ठेवला. मग उठले, जीपपाशी गेले आणि बोनेट उघडलं.

"आजा. लगा तेरी मशीन."

बाकीचे बघत राहिले. मी जीपचे दिवे लावले, थोडा वेळ थांबले, मग बंद केले. जोराचा आकडा भरला, दोनदा वाचून भरला. लाल क्लिप, काळी क्लिप. दिवा पिवळा लागला. चार माणसं माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती, आणि मी स्क्रीन सगळ्यांना दाखवू शकत होते, माझ्या मताप्रमाणे. पण मी बाबूभाईंना जीपच्या मागं नेलं, पदर त्यांच्या हातावर टाकला आणि दोन बोटं दाबली. त्यांनी मान हलवली. खूश होऊ नका आत्या, हे फक्त बाबूभाईंपुरतं.

मग गेरू. तुमची डबी सुकली होती, मी दोन थेंब तेल टाकून कालवली. चार वर्षांत मी एकदाही ती खूण केली नव्हती, ते तुमचं काम होतं. बॅटरीवर तीन महिन्यांपूर्वीची तुमची रेघ होती, वर जाऊन डावीकडं वळलेली. तुम्ही दर वेळी जुनी पुसून नवी करत होतात. मी फडकं उचललं, आणि ठेवून दिलं. नजर ठेवायची खूण म्हणजे दोन बोटं. एक तिथं होतंच. त्याच्या शेजारी मी माझं ओढलं.

बाबूभाई बोनेट लावायच्या आधी वाकून बघत राहिले. एक वाकडी रेघ, एक सरळ.

"सीधा वाला तेरा है ना?"

"व्हय," मी म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "सरळ बोट माझं हाय."